शीड उतरवण्याची वेळ

समुद्रावरील वादळाच्या गोष्टी सर्वांनाच ऐकायला आवडतात. काळेकुट्ट आभाळ, डोंगराएवढ्या लाटा, करकरणारी डोलकाठी आणि सुकाणू घट्ट धरून उभा असलेला निधड्या छातीचा नाखवा असे चित्र त्या गोष्टींत हमखास असते. नौका सुखरूप किनाऱ्याला लागली की गोष्ट संपते आणि ऐकणारा त्या नाखव्याच्या धाडसाला मनोमन दाद देतो. शिडाच्या नौकांवर आयुष्य काढलेल्या माणसांचे मत मात्र थोडे निराळे असते. एखाद्या नौकेची डोलकाठी वादळात मोडली असे कानावर आले, तर नाखव्याने धीर कसा धरला हे ते आधी विचारत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘शीड कधी उतरवले होते?’

हा प्रश्न रुक्ष वाटेल. पण नौकानयनातील बरेचसे शहाणपण त्यात साठलेले आहे. जोराच्या वाऱ्यात नौका सांभाळण्याचे काम वारा जोराचा होण्याआधीच सुरू झालेले असावे लागते. दुपारी ऊन पडलेले असते, नौका झपझप पाणी कापत असते, सर्वजण मजेत असतात, आणि अशा वेळी कोणीतरी एकजण क्षितिजाकडे पाहून ‘शीड थोडे कमी करू या’ असे म्हणतो. त्या क्षणी त्याचे ऐकले गेले की नाही, यावर रात्रीचे पुष्कळसे अवलंबून असते. दुर्दैवाने अशा माणसाची गोष्ट कोणी सांगत नाही. ज्या नौकेने वेळेवर शीड उतरवले, तिच्यावर सांगण्यासारखे काही घडतच नाही.

शीड लवकर का उतरवायचे, याचे उत्तर साध्या गणितात आहे. समुद्रावर वाऱ्याचा वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर. वाऱ्याचा वेग दहा नॉटवरून वीस नॉटवर गेला, तर शिडावरचा दाबही दुप्पट होईल असे सहज वाटते. प्रत्यक्षात तो चौपट होतो. वेग तीस नॉट झाला, तर दाब नऊपट होतो. कारण वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सकाळी एका हाताने सहज ओढता येणारा दोर दुपारी दोघांना मिळूनही का आवरत नाही, ते यावरून कळते. माणसाचा अंदाज सरळ रेषेत चालतो, वाऱ्याचा जोर तसा चालत नाही. ‘आणखी थोडा वारा वाढला तरी नौका पेलेल’ या वाक्यातील ‘थोडा’ हा शब्दच फसवा आहे.

जुन्या खलाशांना हे गणित शिकवावे लागत नसे. वाऱ्याची जी प्रतवारी आज जगभर वापरली जाते, तिचा आरंभ ब्रिटिश नौदलातील फ्रान्सिस ब्यूफोर्ट या अधिकाऱ्याने १८०५ साली केला. तिचे क्रमांक शून्यापासून बारापर्यंत आहेत. आज त्या क्रमांकांना वेगाचे आकडे जोडलेले आहेत. सहाव्या क्रमांकाचा वारा २२ ते २७ नॉटचा आणि आठव्याचा ३४ ते ४० नॉटचा धरतात. परंतु ब्यूफोर्टच्या काळातील प्रतवारीत वेगाचे आकडे नव्हते. अमुक वाऱ्यात युद्धनौकेला किती शिडे पेलतील, यावरून वाऱ्याला क्रमांक दिला जाई. ज्या वाऱ्यापुढे कोणतेच शीड टिकणार नाही, तो बारावा. वारा स्वतः किती मोठा आहे यापेक्षा त्याच्यासमोर आपण किती शीड उभे करू शकतो, हे त्या प्रतवारीने विचारले होते. वाऱ्याकडे पाहण्याची ही दृष्टी उपकरणांच्या काळातही जुनी झालेली नाही.

वारा पाठीमागून येत असला, तर फसगत आणखी वाढते. समजा, वारा वीस नॉटचा आहे आणि नौका त्याच दिशेने सात नॉटने धावत आहे. अशा वेळी नौकेवरील माणसाला वारा जाणवतो तो केवळ तेरा नॉटचा. नौका आडवी झुकत नाही, पाणी अंगावर येत नाही, गार वाटत नाही. प्रवास छान चालला आहे असे वाटते. मग कोणी पाण्यात पडतो, किंवा बंदराकडे परत फिरण्याची वेळ येते. नौका वळवून वाऱ्यासमोर आणताच तोच वारा सुमारे चोवीस नॉटचा होऊन अंगावर येतो आणि शिडावरचा दाब एकदम तिपटीहून अधिक होतो. वारा वाढलेला नसतो. त्याची ओळख आता पटलेली असते. ‘वारा पाहून पाठ द्यावी’ अशी मराठीत म्हण आहे. व्यवहारचातुर्यासाठी ती सांगितली जाते आणि कधी संधिसाधूंना टोचण्यासाठीही. समुद्रावर मात्र वाऱ्याला पाठ देऊन धावणाऱ्यानेच अधिक सावध असावे लागते. पाठीवर घेतलेला वारा आपली ताकद दाखवत नाही.

शीड कमी करणे याचा अर्थ नेहमीच ते पूर्ण उतरवणे असा नसतो. मुख्य शीड थोडे खाली घेऊन त्याचा खालचा भाग दुमडून आडव्या दांडीला बांधतात. त्यामुळे वाऱ्यासमोरचे कापड कमी होते. वारा आणखी वाढला तर आणखी एक घडी घालतात. पुढचे मोठे शीड काढून त्या जागी लहान व जाड कापडाचे शीड लावतात. हे काम सांगायला सोपे आहे. बारा नॉटच्या वाऱ्यात ते काही मिनिटांत होते. पस्तीस नॉटच्या वाऱ्यात, रात्रीच्या काळोखात, नौका वरखाली आपटत असताना तेच काम जिवावर बेतते. कापड दगडासारखे ताठ होते, बोटे बधिर होतात, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा आवाजही ऐकू येत नाही. म्हणून पाश्चात्त्य खलाशांत एक साधा नियम रूढ आहे: शीड कमी करावे का, असा विचार पहिल्यांदा मनात आला की तीच ते कमी करण्याची वेळ. घाई झाली असे नंतर वाटले, तर घडी पुन्हा सोडता येते. उशीर झाल्यावर मात्र पर्याय फारसे उरत नाहीत.

असे असूनही माणसे उशीर करतात. आळस हे त्याचे एक कारण आहे, पण ते फार मोठे नव्हे. वेगाचा मोह असतो. सोबतची नौका पुढे जाईल अशी भीती असते. सर्वांत अधिक आड येतो तो संकोच. ऊन पडलेले असताना शीड उतरवा म्हणणारा माणूस भित्रा ठरतो आणि चारचौघांत भित्रा ठरण्यापेक्षा धोका पत्करणे बऱ्याच जणांना सोपे वाटते. ही गोष्ट समुद्रापुरती मर्यादित नाही, हे कोणत्याही कारखान्यात किंवा बांधकामावर काम केलेल्या माणसाला ठाऊक असते. मात्र समुद्रावर तिची किंमत लवकर आणि रोख द्यावी लागते.

शिडाखेरीज आणखीही कामे वारा वाढण्यापूर्वीच उरकायची असतात. प्रत्येकाने लाइफ जॅकेट चढवायचे, कमरेचा दोर नौकेला अडकवायचा. सुटे सामान बांधून ठेवायचे, आत पाणी येऊ शकेल अशी झडप नि झाकण बंद करायचे. नौका नकाशावर नेमकी कोठे आहे, याची नोंद करून ठेवायची. आणि जेवून घ्यायचे. शेवटच्या सूचनेचे अनेकांना हसू येते. पण नौका हेलकावू लागल्यावर चूल पेटवता येत नाही, आणि उपाशी, भिजलेल्या, ओकाऱ्यांनी थकलेल्या माणसाचे हात तर चालत नाहीतच, डोकेही चालत नाही. वादळातील अनेक चुकीचे निर्णय हे दमलेल्या माणसांनी घेतलेले निर्णय असतात. गरम भाताचे चार घास हीदेखील सुरक्षेची साधनसामग्रीच आहे.

हवा बदलणार हे ओळखायचे कसे, हा यापुढचा प्रश्न. नित्याच्या बदलांशी किनाऱ्यावरच्या लोकांची जुनी ओळख आहे. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून खारे वारे जमिनीकडे वाहू लागतात. रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटेपर्यंत मतलई वारे समुद्राकडे वाहतात. इंजिने येण्यापूर्वी कोकणातील मच्छीमारांच्या होड्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडत आणि खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. निसर्गाच्या या वेळापत्रकावर कित्येक पिढ्यांचा संसार चालला. पावसाळ्यात मात्र हे वेळापत्रक मोडते. नैर्ऋत्येकडून येणारा मोसमी वारा दिवसरात्र किनाऱ्याकडेच ढकलत राहतो. म्हणून गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारली जात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावरच पुन्हा पाण्यात उतरत. त्या नारळात श्रद्धा आहे, तशी हवामानाची नोंदही आहे. अख्खा हंगामच शीड उतरवून बसण्याचा तो रिवाज होता.

खरी कसोटी अचानक येणाऱ्या वाऱ्याची. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर आभाळात उंच मनोऱ्यासारखे ढग चढतात. बंगालमध्ये याच दिवसांतील वादळांना कालबैसाखी म्हणतात. तेथील नद्यांवरील नावाडी वायव्येच्या आभाळावर सतत नजर ठेवून असतात. अशा ढगातून पाऊस कोसळू लागला की त्याच्याबरोबर थंड, जड हवा खाली आदळते आणि जमिनीवर किंवा पाण्यावर आपटून चहूकडे पसरते. खाली असलेल्या नौकेला मिळणारी सूचना काही मिनिटांची असते. वाहता वारा एकाएकी पडतो. उकाडा वाढतो. मग गार झुळूक येते, वाऱ्याची दिशा बदलते आणि दूरवर पाण्याचा रंग काळपट होऊन त्यावर पांढरी रेघ दिसू लागते. यातील वारा पडण्याचा क्षण सर्वांत फसवा असतो. नवखा माणूस अशा वेळी वारा गेला म्हणून आणखी शीड उभारतो. जाणता असलेले उतरवतो.

आज या निरीक्षणाच्या मदतीला हवामानशास्त्र आहे. भारतीय हवामान विभागाकडून किनाऱ्यासाठी इशारे दिले जातात आणि बंदरांवर एक ते अकरा क्रमांकांचे बावटे लावण्याची पद्धत आहे. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य कोकणात शाळकरी मुलांनाही समजते. बंदराला वादळी वाऱ्याचा त्रास संभवतो, असा त्याचा अर्थ. परंतु अंदाज वाचण्याचीही एक कला आहे. अंदाजात दिलेला वाऱ्याचा वेग हा सरासरी वेग असतो. मधूनमधून येणारे झोत त्याहून चाळीस टक्के अधिक जोराचे असू शकतात. लाटांची उंची म्हणून जो आकडा दिला जातो, त्याच्या दुप्पट उंचीची एखादी लाट त्याच समुद्रात येऊ शकते. पंचवीस नॉटचा अंदाज ऐकून पंचवीस नॉटची तयारी करणारा माणूस म्हणूनच अपुऱ्या तयारीने निघालेला असतो.

इतके करूनही वादळ गाठतेच. तेव्हा काय करावे याची एकच एक रीत मात्र नाही, आणि ती आहे असे सांगणाऱ्या पुस्तकांपासून जपून राहिलेले बरे. १९६८-६९ साली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते जगातील पहिले. त्यांची ३२ फुटी ‘सुहैली’ ही नौका मुंबईत सागवानात बांधलेली होती आणि आखाती खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला जे नाव देतात, तेच तिला दिलेले होते. दक्षिणेच्या खवळलेल्या समुद्रात नॉक्स-जॉन्स्टन नौकेच्या मागे लांबच लांब दोर पाण्यात सोडत. दोरांच्या ओढीने नौकेचा वेग कमी होई आणि तिची पाठ लाटांकडे राही. त्याच शर्यतीत असलेले फ्रेंच खलाशी बर्नार्ड म्वातेसिये यांनी काही वर्षांपूर्वीच्या एका सफरीत अगदी उलट केले होते. मागे सोडलेल्या दोरांमुळे नौका लाटांच्या तावडीत सापडते आहे असे दिसताच त्यांनी ते दोर कापून टाकले आणि लाटांना थोडी तिरपी घेत नौका मोकळी धावू दिली. दोघेही वाचले. एकाची नौका जड, लाकडी व संथ होती, तर दुसऱ्याची पोलादी आणि वेगवान. दोघांनी नौकेचा स्वभाव ओळखून निर्णय घेतला. तिसरी एक रीतही बरीच जुनी आहे. पुढचे लहान शीड मुद्दाम उलट्या बाजूला ओढून बांधायचे आणि सुकाणू विरुद्ध दिशेला वळवून ठेवायचे. दोन्ही जोर एकमेकांना रोखतात, नौका जवळजवळ जागेवर थबकते आणि खलाशांना विसावा मिळतो. या रिती शांत हवेत शिकून घ्याव्या लागतात. वादळात पुस्तक उघडता येत नाही.

एका गोष्टीवर मात्र सर्वांचे एकमत आढळते. वादळात घाबरलेल्या माणसाला जमीन जवळ हवीशी वाटते, पण नौका फुटतात त्या बहुधा जमिनीजवळच. वारा किनाऱ्याकडे ढकलत असेल आणि बंदराचे तोंड अरुंद असेल, तर खोल व मोकळ्या पाण्यात राहणेच अधिक सुरक्षित असते. नौका सोडण्याची घाईही अशीच घातक ठरते. १९७९ साली ब्रिटन व आयर्लंडजवळच्या समुद्रात झालेल्या ‘फास्टनेट’ शर्यतीत ३०३ नौका उतरल्या होत्या. वादळात त्या शर्यतीतील १५ खलाशांनी प्राण गमावले. २४ नौका त्यांवरील माणसांनी सोडून दिल्या. नंतर शोध घेतला तेव्हा यांपैकी केवळ ५ बुडाल्याचे आढळले; उरलेल्या १९ नौका तरंगत होत्या. ज्यांनी नौका सोडून रबरी तराफ्यांचा आसरा घेतला, त्यांच्यापैकी काहीजण मात्र परत आले नाहीत. बाहेर बसून त्यांना दोष देणे योग्य होणार नाही. काळोखात, उलटलेल्या नौकेत, जखमी सोबत्यांसह त्यांना काय दिसले असेल याची कल्पना किनाऱ्यावरून करता येत नाही. त्यांच्या अनुभवावरून पुढच्यांनी शिकावे, एवढेच शक्य आहे. आणि सुदैवाने नौकांची बांधणी, सुरक्षापट्टे आणि शर्यतींचे नियम यांत त्यानंतर पुष्कळ सुधारणा झाल्या.

पण सुधारलेल्या साधनांनी निर्णयाचा प्रश्न सुटत नाही, हे १९९८ साली ऑस्ट्रेलियात दिसून आले. सिडनी ते होबार्ट या शर्यतीसाठी २६ डिसेंबर रोजी ११५ नौका निघाल्या. त्या निघून दोन तास होण्याच्या आत हवामान खात्याने आपला इशारा वाढवून तो मोठ्या वादळाचा केला. पुढे सहा खलाशी मृत्यू पावले, पाच नौका बुडाल्या आणि ५५ जणांना समुद्रातून उचलून आणावे लागले. होबार्टला केवळ ४४ नौका पोहोचल्या. उरलेल्यांपैकी पुष्कळ नौका वेळीच बंदरांकडे वळल्या. शर्यतीच्या निकालात त्यांच्या नावापुढे ‘शर्यत सोडली’ अशी नोंद झाली. शर्यतीत उतरावे की नाही आणि चालू ठेवावी की नाही, याची जबाबदारी सर्वस्वी त्या त्या नौकेची असते, असा नियम जगभरच्या शिडनौकांच्या शर्यतींना लागू आहे. नियम रास्त आहे. परंतु महिनोन्‌महिने तयारी केलेल्या, पैसा ओतलेल्या, घरच्यांचा निरोप घेऊन निघालेल्या माणसाला परत फिरणे किती जड जाते, याचा त्यात विचार नाही. ‘शर्यत सोडली’ या शब्दांत जो कमीपणा वाटतो, तो समाजाने चिकटवलेला आहे.

यावर कोणी म्हणेल की इतकी सावधगिरी बाळगायची, तर मनुष्याने समुद्रावर जावेच कशाला? हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. केवळ सावधपणाच्या जोरावर कोणी पृथ्वीप्रदक्षिणा केलेली नाही. भारतात या परंपरेचा पाया व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या कल्पनेतून घातला गेला. गोव्यात बांधलेल्या ५६ फुटी ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्याने चार थांबे घेत पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुढे २०१२-१३ साली अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून ती कोठेही न थांबता पूर्ण केली. नौदलातील सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ नौकेतून १० सप्टेंबर २०१७ रोजी गोवा सोडले आणि २१ मे २०१८ रोजी त्या परतल्या. त्यांना चाळीस अक्षांशांच्या पलीकडील ते वारे ओलांडावे लागले, ज्यांना भूगोलाच्या पुस्तकांत ‘गरजणारे चाळीस’ म्हणतात. ‘तारिणी’वरूनच लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघींनी २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात जगाला वळसा घातला. दोघींपैकी एक झोपली की संपूर्ण नौका दुसरीच्या हाती. अशा प्रवासात धाडस लागतेच. मात्र ते रोजच्या कंटाळवाण्या तपासणीत, झिजलेला दोर वेळेवर बदलण्यात आणि झोपमोड करून शिडाची घडी घालण्यात बहुतेक खर्च होते.

आणि कधी कधी सगळे नीट करूनही समुद्र ऐकत नाही. २१ सप्टेंबर २०१८ रोजी हिंदी महासागराच्या दक्षिण भागात ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत असलेले अभिलाष टॉमी भीषण वादळात सापडले. नौका उलटली, डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. ते अनुभवी होते, त्यांची नौकाही भक्कम होती. त्याच वादळात आणखी एका स्पर्धकाच्या नौकेची डोलकाठीही मोडली. अशा प्रसंगी ‘शीड कधी उतरवले होते?’ हा प्रश्न विचारून उपयोग नसतो, आणि तो विचारण्याची घाई करणारे लोक बहुधा स्वतः समुद्रावर गेलेले नसतात. टॉमी २०२२ साली त्याच शर्यतीत पुन्हा उतरले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरे आले. त्या वेळी निघालेल्या सोळा जणांपैकी फार थोड्यांना ती शर्यत पूर्ण करता आली.

शर्यतीचा खलाशी परत फिरला, तर त्याचे पदक जाते. पोटासाठी समुद्रावर जाणाऱ्याचे काय जाते, याचा हिशेब वेगळा आहे. मासेमारीच्या मोठ्या नौकांवर आता शिडाची जागा इंजिनाने घेतली आहे. पण वारा वाढू लागल्यावर घ्यायचा निर्णय तोच आहे. अनेक दिवसांच्या फेरीवर निघालेल्या नौकेत डिझेल, बर्फ आणि शिधा आधीच भरलेला असतो, आणि पुष्कळदा तो उधारीवर घेतलेला असतो. जाळे रिकामे असताना तांडेल मागे वळला, तर खलाशांचा वाटा बुडतो आणि देणे मात्र अंगावर राहते. अशा माणसाला बेफिकीर म्हणणे सोपे आहे. त्याला इशारा कळत नाही असे नाही. इशारा पाळणे त्याला परवडत नाही.

२०१७ च्या ओखी चक्रीवादळाने ही बाब भयंकर रीतीने समोर आणली. २९ आणि ३० नोव्हेंबर या दोन दिवसांत ते वादळ कन्याकुमारीजवळच्या समुद्रात झपाट्याने वाढले. त्या वेळी केरळ व तमिळनाडूच्या कितीतरी नौका आधीच खोल समुद्रात होत्या, मोबाइलच्या कक्षेपलीकडे. शेकडो मच्छीमार परत आले नाहीत. काही नौका वाऱ्याशी न झगडता उत्तरेकडे निघाल्या आणि थेट सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड बंदरात पोहोचल्या. अशा साठहून अधिक नौका आणि नऊशेहून अधिक मच्छीमार तेथे आश्रयाला आले. घरापासून शेकडो किलोमीटर दूरच्या, अनोळखी भाषेच्या बंदराकडे नौका वळवणारे हे तांडेल कोणत्याही शर्यतीतील कप्तानाइतकेच जाणते म्हटले पाहिजेत.

इशारा पोहोचवण्याचा प्रश्न आता सुटू लागला आहे. मच्छीमार नौकांवर उपग्रहाद्वारे संदेश देणारी-घेणारी एक लाख यंत्रे बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला. किनाऱ्यापासून कितीही दूर असले तरी वादळाची सूचना नौकेवर पोहोचावी आणि संकटातील नौकेला हाक देता यावी, हा तिचा हेतू आहे. परंतु सूचना वाचून फेरी अर्धवट सोडणाऱ्याच्या डिझेलचे आणि बर्फाचे पैसे त्या यंत्रातून मिळत नाहीत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारी बंद असते आणि त्या काळासाठी गरीब मच्छीमार कुटुंबांना निर्वाहसाहाय्य देण्याची तरतूद सरकारी योजनेत आहे. अधिकृत इशाऱ्यावरून परत फिरलेल्या नौकेच्या खर्चाचा काही भागही अशाच प्रकारे उचलला गेला पाहिजे. नौका खरोखर कधी वळली हे पडताळून कसे पाहणार, असा आक्षेप पूर्वी घेता आला असता. आता नौकेवर बसवलेले तेच यंत्र ती कोठे होती आणि कोणत्या वेळी किनाऱ्याकडे निघाली, हे सांगू शकते.